ग्रब अजून जागेवर का आहे? बूटलोडर ‘डीफॉल्ट’ कसा ठरतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नव्या लॅपटॉपवर विंडोजच्या जोडीला उबंटू टाकलं, ग्रब या बूटलोडरची (मशीन सुरू होताना लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, मेमरीत आणणारा प्रोग्रॅम) कॉन्फिग फाइल उघडली तर शेकडो ओळी, आणि वर सूचना की ही फाइल हाताने बदलू नका. मित्राच्या मशीनवर सिस्टमडी-बूट हा दुसरा बूटलोडर आहे, तिथे एका कर्नलची नोंद चार-पाच ओळींत संपते. मग उबंटू, डेबियन, फेडोरा हे मोठे डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचे तयार संच, अजून ग्रबच का देतात? निव्वळ सवय म्हणून?

सवयीचा वाटा आहे, पण लहान. गेली वीसेक वर्षं मी कॉलेजांच्या लॅब आणि छोट्या ऑफिसांचे सर्व्हर सांभाळतोय. लिलो हा त्याआधीचा बूटलोडर गेला तो काळ मी पाहिला, जुना ग्रब जाऊन नवा आला तोही पाहिला. दोन्ही वेळी नवा बूटलोडर लिहायला-वाचायला सोपा आहे म्हणून कुणी जुना काढला नाही. खालचं फर्मवेअर (मशीन चालू होताच चालणारा, बोर्डवरचा मूळ प्रोग्रॅम) बदललं, डिस्क मोठ्या झाल्या, फाइलसिस्टम (डिस्कवर फायली मांडायची रीत) बदलली, आणि जुन्याचा हात तिथवर पोचेना. तेव्हा तो गेला. ग्रब आज टिकून आहे त्याचं कारणही हेच आहे. त्याच्या खालची जमीन बदलली खरी, पण अर्धीच.

लिलोपासून सांगतो, कारण तिथे हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. बायोस, म्हणजे जुन्या पद्धतीचं फर्मवेअर, डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट, मेमरीत आणतो आणि पुढचा कारभार त्याच्यावर सोपवतो. त्यातले ६४ बाइट पार्टिशन टेबलचे आणि २ बाइट खुणेचे. कोडला उरतात ४४६. एवढ्या जागेत फाइलसिस्टम वाचणारा प्रोग्रॅम बसवता येत नाही. वर्नर आल्मेसबर्गर यांनी लिलोमध्ये यातून फार हुशारीने वाट काढली होती. इन्स्टॉल करतानाच चालू असलेल्या लिनक्सला विचारायचं, की बाबा, कर्नलची फाइल डिस्कवर नेमकी कुठल्या कुठल्या सेक्टरांवर पडली आहे? ते आकडे एका मॅप फाइलमध्ये लिहून ठेवायचे. बूट होताना फाइलचं नाव, फोल्डर, फाइलसिस्टम काहीच कळायची गरज नाही. यादीतले सेक्टर उचलायचे की झालं.

यामुळे लिनक्सला जी फाइलसिस्टम वाचता येते तिच्यावरून लिलो बूट करू शकायचा. पण कर्नल बदलला किंवा फाइल डिस्कवर दुसरीकडे गेली, की लिलो पुन्हा चालवावाच लागे. पूर्वी एका लॅबमध्ये आम्ही एका मशीनवरून बारा मशीनवर फायली कॉपी केल्या, पहिला सेक्टरही उचलून टाकला, आणि लिलो पुन्हा चालवायचं राहिलं. सकाळी प्रॅक्टिकलला मुलं आली तेव्हा बाराही पडद्यांवर ‘एल’ आणि ‘आय’ ही दोनच अक्षरं. लिलोचा पहिला टप्पा दुसऱ्याला मेमरीत आणतो, पण तो दुसरा चालू होत नाही, याची ती खूण. फ्लॉपी घेऊन एकेका मशीनपाशी जाऊन ते दुरुस्त केलं, त्यात अख्खा दिवस गेला. डिस्ट्रो बनवणाऱ्याच्या नजरेतून हे बघा. प्रत्येक कर्नल अपडेटनंतर एक कमांड चालवायचीच आहे, आणि ती राहिली तर माणसाला पडद्यावर मदतीला काहीच नाही. त्यात १०२४ सिलिंडरची जुनी मर्यादा होती, म्हणजे डिस्कच्या सुरुवातीच्या साधारण ८ जीबीपलीकडचा कर्नल सापडायचा नाही. ती नंतरच्या आवृत्तीत सुटली, पण तोवर लोकांचा विश्वास उडत चालला होता.

ग्रबचा जन्म लिनक्ससाठी झालाच नाही. १९९५ मध्ये एरिक बोलेन हे ग्नू हर्ड ही वेगळीच ऑपरेटिंग सिस्टम बूट करायच्या खटपटीत होते, त्यातून तो निघाला. १९९९ मध्ये गॉर्डन मात्झिग्काइट आणि योशिनोरी ओकुजी यांनी त्याला ग्नूचं अधिकृत पॅकेज केलं. त्याचा मूळ विचार लिलोच्या उलट. सेक्टरांची यादी जपत बसण्यापेक्षा बूटलोडरलाच फाइलसिस्टम वाचायला शिकवायचं. म्हणजे मेनूची फाइल बदलली की झालं, पुन्हा काही बसवावं लागत नाही. आणि चूक झालीच, तर ग्रबच्या प्रॉम्प्टवर फायलींची नावं बघत बघत, टॅब दाबत, हाताने कर्नल शोधून बूट करता येतं. ज्याने दूरच्या गावातल्या माणसाला फोनवरून मशीन चालू करून दिलं आहे त्याला या प्रॉम्प्टची किंमत कळेल. रेड हॅट लिनक्स ७.२ ने ऑक्टोबर २००१ मध्ये ग्रब डीफॉल्ट केला, डेबियनने २००५ च्या ‘सार्ज’ आवृत्तीत. तरीही डेबियनचा इन्स्टॉलर बूटची जागा एलव्हीएमवर (डिस्कची जागा लवचिकपणे वाटायची लिनक्सची सोय) असेल तर गुपचूप लिलोकडे वळायचा, कारण जुन्या ग्रबला एलव्हीएम कळत नव्हतं आणि लिलोला ते कळायची गरजच नव्हती. डीफॉल्ट बदलला तरी अवघड जागी जुनाच उपयोगी पडत होता, हे लक्षात ठेवा. पुढे ते पुन्हा येईल.

जुन्या ग्रबची गोष्टही तशीच संपली. त्याची शेवटची आवृत्ती ०.९७, ती २००५ ची. पुढे मूळ प्रकल्पाचं लक्ष नव्या लिखाणाकडे गेलं, ज्याला आपण आज ग्रब २ म्हणतो. जुना ग्रब डिस्ट्रो आपापले पॅच, म्हणजे कोडमधल्या छोट्या दुरुस्त्या, लावून चालवत राहिले. मग ईएक्सटी४ ही नवी फाइलसिस्टम आली, जीपीटी ही पार्टिशनची नवी पद्धत आली, बायोसच्या जागी यूईएफआय हे नवं फर्मवेअर आलं. प्रत्येक नव्या गोष्टीसाठी आणखी एक पॅच. उबंटू ९.१० (ऑक्टोबर २००९) मध्ये ईएक्सटी४ आणि ग्रब २ हे दोन्ही एकाच वेळी डीफॉल्ट झाले. डेबियन ग्रब २ वर २०११ च्या फेब्रुवारीत आलं, फेडोरा १६ त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ थेट २०१४ मध्ये. आणि ग्रब २ ची २.०० ही आवृत्ती निघाली जून २०१२ मध्ये! म्हणजे उबंटूने जवळपास तीन वर्षं आधीच, २.०० आकडाही न गाठलेला प्रोग्रॅम लाखो मशीनवर टाकला. इतकी जोखीम कुणी हौसेने घेत नाही. जुन्यावर पॅच लावत राहणं त्याहून महाग पडत होतं, म्हणून घेतली.

आता यूईएफआय. इथे तुमच्या मित्राचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर आहे. यूईएफआय फर्मवेअरला फॅट फाइलसिस्टम स्वतःच वाचता येते, आणि ईएसपी या बूटसाठी राखलेल्या पार्टिशनवरचा प्रोग्रॅम ते थेट चालवतं. मग बूटलोडरने फाइलसिस्टम शिकायचं कारणच काय? काय सिव्हर्स आणि हाराल्ड होयर यांनी २०१२ मध्ये गमीबूट लिहिला तो याच विचाराने, आणि मे २०१५ मध्ये तो सिस्टमडी या लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रकल्पाच्या २२० व्या आवृत्तीत सिस्टमडी-बूट म्हणून सामील झाला. छोटा आहे, सरळ आहे, मेनू दाखवतो आणि बाकी सगळं फर्मवेअरवर सोपवतो. मला तो मनापासून आवडतो.

पण तो बायोसवर चालत नाही. आणि बायोस गेलेला नाही. जुने डेस्कटॉप सोडा, व्हर्च्युअल मशीन आणि क्लाउडमध्येही बायोस पद्धतीने बूट होणारी मशीन भरपूर आहेत. २०२२ मध्ये फेडोरा ३७ साठी जुन्या बायोसवर नवं इन्स्टॉलेशन थांबवण्याचा प्रस्ताव आला. विरोध इतका झाला की तो मंजूर होऊ शकला नाही. आता डिस्ट्रोसमोर पर्याय दोन: यूईएफआयसाठी एक आणि बायोससाठी दुसरा बूटलोडर ठेवायचा, किंवा दोन्हीकडे चालणारा एकच. दोन ठेवले तर इन्स्टॉलरचे दोन मार्ग, अपडेटच्या दोन रीती, चाचण्या दुप्पट, मदतीची पानं दुप्पट. त्यात इंटेल-एएमडीच्या बाहेरही जग आहे. डेबियन आणि रेड हॅट यांना एआरएम सर्व्हर आणि आयबीएमची पॉवर मशीनही सांभाळावी लागतात, आणि तिथेही ग्रब चालतो. आयबीएमच्या मेनफ्रेमवर मात्र झिपल नावाचा वेगळा लोडर आहे, आणि गंमत म्हणजे त्याची रीत लिलोसारखीच आहे: ब्लॉकची यादी आधी लिहून ठेवायची. रास्पबेरी पायवर तर तिथलं फर्मवेअरच थेट कर्नल उचलतं. म्हणजे ‘सगळीकडे एकच’ हे ग्रबलाही पूर्ण साधलेलं नाही. पण इतकी ठिकाणं पेलणारा दुसरा कुणी आज नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, ज्याच्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात: सिक्युअर बूट. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर हे आलं. फर्मवेअर फक्त ओळखीची सही असलेला प्रोग्रॅम चालवतं, आणि बाजारातल्या जवळपास प्रत्येक पीसीमध्ये ओळखीची सही म्हणजे मायक्रोसॉफ्टची. लिनक्स डिस्ट्रोंना प्रश्न पडला की आपल्या बूटलोडरवर ही सही आणायची कशी. ग्रब २ चं लायसन्स जीपीएल आवृत्ती ३ आहे. त्यात अशी तरतूद आहे की काही परिस्थितीत, सॉफ्टवेअर बदलून पुन्हा बसवता यावं म्हणून लागणारी किल्लीही ग्राहकाला द्यावी लागते. उबंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलला भीती वाटली, की एखाद्या लॅपटॉप कंपनीने चुकून सिक्युअर बूट बंद न करता येणारं मशीन विकलं, तर आपली खासगी सहीची किल्ली उघड करावी लागेल. म्हणून उबंटू १२.१० मध्ये सिक्युअर बूटच्या मशीनवर ग्रब सोडून एफिलिनक्स नावाचा साधा लोडर द्यायचं त्यांनी जाहीर केलं होतं. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने, म्हणजे ग्रबचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांनीच, ही भीती अनाठायी असल्याचं सांगितलं. बोलणी झाली आणि सप्टेंबर २०१२ मध्ये कॅनॉनिकल पुन्हा ग्रब २ वर आलं. उबंटूचा डीफॉल्ट बूटलोडर बदलता बदलता राहिला, आणि त्या अख्ख्या वादात कुठला प्रोग्रॅम चांगला हा मुद्दाच नव्हता. वाद होता लायसन्सचा.

सहीचा तिढा सुटला तो शिममुळे. मॅथ्यू गॅरेट यांनी लिहिलेला हा एक छोटा प्रोग्रॅम, बीएसडी पद्धतीच्या मोकळ्या लायसन्सचा. मायक्रोसॉफ्ट शिमवर सही करतं. शिमच्या पोटात डिस्ट्रोचं स्वतःचं प्रमाणपत्र असतं, आणि त्याच्या बळावर शिम पुढे ग्रब आणि कर्नल तपासून घेतो. ही साखळी ग्रबभोवती बांधली गेली. डिस्ट्रोंच्या शिमची आधी तपासणी होते, तिथे विचारले जाणारे प्रश्नही मोठ्या प्रमाणात ग्रबबद्दलचे: कुठली आवृत्ती, कुठले पॅच, अमुक त्रुटी बुजवली का. एकदा ही साखळी उभी राहिली की तिच्यातली एक कडी बदलायची म्हणजे पुन्हा तपासणी, पुन्हा सही, पुन्हा जगभरच्या मशीनवर चाचणी.

त्याच ग्रबने या साखळीला सगळ्यात मोठा धक्काही दिला, हे लपवण्यात अर्थ नाही. जुलै २०२० मध्ये ‘बूटहोल’ ही त्रुटी जाहीर झाली. ग्रब आपली कॉन्फिग फाइल वाचताना बफर (नेमून दिलेली मेमरीची जागा) ओलांडायचा, आणि ती फाइल बदलू शकणारा माणूस सिक्युअर बूटला वळसा घालू शकायचा. तुम्हाला खटकलेली ती शेकडो ओळींची फाइल म्हणजे खरोखर एक छोटी प्रोग्रॅमिंग भाषा आहे, आणि भाषा म्हटली की तिचा पार्सर (ती वाचून अर्थ लावणारा भाग) आला, त्यातल्या चुका आल्या. दुरुस्त आवृत्ती देणं पुरेसं नव्हतं; जुने, सही असलेले ग्रब बाद करणंही भाग होतं. बाद यादीला फर्मवेअरमध्ये साधारण ३२ केबी जागा असते, आणि एकट्या बूटहोलच्या १५० हॅश (फायली ओळखायचे ठसे) आणि ३ प्रमाणपत्रांनी त्यातली जवळजवळ एक तृतीयांश व्यापली. असं आणखी दोनदा झालं असतं तर यादीच भरली असती. म्हणून २०२१ मध्ये शिममध्ये एसबॅट ही पद्धत आली: एकेका फाइलची नोंद ठेवण्याऐवजी पिढीचा क्रमांक लिहायचा आणि ‘या क्रमांकाखालचे सगळे बाद’ असं एका ओळीत सांगायचं. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटने हा एसबॅट क्रमांक वाढवला तेव्हा विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेली अनेक मशीन लिनक्सला बूट होईनात. त्या आठवड्यात मला इतके फोन आले, की सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करायच्या पायऱ्या मी पाठ म्हणून दाखवत होतो.

‘मग एवढं झाल्यावर तरी ग्रब सोडायचा ना?’ सोडायचा विचार आहेच, आणि गंभीरपणे आहे. अडतं कुठे ते सांगतो. सिस्टमडी-बूटला कर्नल आणि इनिटरॅमएफएस (कर्नलला सुरुवातीला लागणाऱ्या फायलींचा गठ्ठा) ईएसपीवर, किंवा फर्मवेअरला वाचता येईल अशा दुसऱ्या बूट पार्टिशनवर लागतात. विंडोज आधीपासून असलेल्या लॅपटॉपवर ईएसपी बहुतेकदा १०० एमबीचं असतं. आजचा एक कर्नल आणि त्याचं इनिटरॅमएफएस मिळून तेवढी जागा सहज खातात, आणि फेडोरा एका वेळी तीन कर्नल ठेवतं. विंडोजचं ईएसपी वाढवायचं म्हणजे दुसऱ्याच्या घराची भिंत सरकवायची. इन्स्टॉलर ते आपणहून करायला धजत नाही. ग्रबला हा प्रश्न नाही. तो स्वतः थोड्या जागेत ईएसपीवर राहतो आणि कर्नल तुमच्या ईएक्सटी४ किंवा बीटीआरएफएस फाइलसिस्टमवरून उचलतो. ओपनसुसेने २०१४ पासून मुख्य पार्टिशनला बीटीआरएफएस डीफॉल्ट केली आणि अपडेट फसलं तर बूट मेनूतूनच आधीच्या स्नॅपशॉटमध्ये (सिस्टमच्या जपून ठेवलेल्या स्थितीत) जायची सोय दिली. ही सोय मी लोकांना आवर्जून दाखवतो. ती उभी राहिली ती ग्रबला बीटीआरएफएस वाचता येतं म्हणून.

उलट एनक्रिप्शनमध्ये ग्रबचं हेच बळ तोकडं पडतं. लिनक्सच्या डिस्क एनक्रिप्शनची नवी रचना लक्स २. तिचा अपुरा आधार ग्रबमध्ये आला तो २.०६ मध्ये, म्हणजे २०२१ साली, आणि तोही किल्ली काढायच्या जुन्या पद्धतीपुरता. जी गोष्ट कर्नलला आधीच उत्तम येते ती ग्रबमध्ये पुन्हा लिहायची, आणि ती मागून धावत येणार. माझ्या मते ग्रबची खरी अडचण हीच आहे. कॉन्फिग फाइल लांबलचक असणं ही त्यापुढे किरकोळ बाब आहे.

बदल कुठे झाला ते पाहिलं की नियम आणखी स्पष्ट होतो. पॉप ओएसने २०१८ मध्ये यूईएफआय मशीनवर सिस्टमडी-बूट घेतला. ते बनवणारी सिस्टम७६ ही कंपनी स्वतःचे लॅपटॉप विकते, आणि सिक्युअर बूट बंद ठेवा असं सांगणं तिला परवडत होतं. निक्सओएसच्या इन्स्टॉलरनेही यूईएफआयवर तोच निवडला. तिथला वापरणारा कॉन्फिग लिहायला तयार असणारा. आर्चमध्ये तर डीफॉल्टच नाही, बूटलोडर तुम्ही निवडायचा. ऑगस्ट २०२२ मध्ये आर्चवर ग्रबचं पॅकेज बदललं, पण ईएसपीवर आधी बसवलेला ग्रब जुनाच राहिला. दोघांचं जुळेना आणि कित्येक मशीन बूट होईनात. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आर्चवर आधारलेल्या एंडेव्हरओएसने सिस्टमडी-बूट डीफॉल्ट केला. दुसऱ्या टोकाला स्लॅकवेअर: २०२२ मध्ये आलेल्या १५.० च्या इन्स्टॉलरनेही बायोसवर लिलोच बसवला, लिलोचं काम २०१५ मध्ये थांबलेलं असूनही. ज्या डिस्ट्रोचा वापरणारा स्वतः कमांड चालवणारा आहे, त्याला लिलोची ती जुनी अट जाचक वाटत नाही.

मोठ्या डिस्ट्रोंनी मधला मार्ग धरला आहे. फेडोरा ३० पासून (२०१९) प्रत्येक कर्नलची नोंद वेगळ्या छोट्या फाइलमध्ये असते, अगदी सिस्टमडी-बूटला चालते त्याच मांडणीत. मेनू मात्र ग्रब दाखवतो. म्हणजे फेडोराच्या मशीनवर तुम्हाला हव्या त्या चार-पाच ओळी आधीच आहेत. शिवाय कर्नल, इनिटरॅमएफएस आणि कर्नलला द्यायच्या सूचना (कमांड लाइन) एकत्र बांधून एकच सही केलेली फाइल करायची, हे युनिफाइड कर्नल इमेजचं काम टप्प्याटप्प्याने चालू आहे. ते रुळलं तर बूटलोडरला फाइलसिस्टम किंवा भाषा कळायची गरज उरणार नाही, आणि ग्रबची जागा आपोआप मोकळी होईल.

तुमच्या लॅपटॉपचं म्हणाल, तर विंडोजही त्यावर आहे आणि सिक्युअर बूट चालू आहे असं तुम्ही लिहिलंत. अशा मशीनवर ग्रब राहू द्या. मेनूत विंडोज दिसत नसेल तर घाबरू नका. २.०६ पासून दुसऱ्या सिस्टम शोधणारं ओएस-प्रोबर सुरक्षेसाठी मुळात बंद असतं. ग्रबच्या डीफॉल्ट सेटिंगच्या फाइलमध्ये ते चालू करा आणि अपडेट-ग्रब चालवा, मोठी फाइल आपोआप नव्याने तयार होईल. सिस्टमडी-बूट शिकायचाच असेल तर एखाद्या व्हर्च्युअल मशीनमध्ये यूईएफआय चालू करून ईएसपी १ जीबीचं द्या आणि तिथे मनसोक्त मोडतोड करा. लॅपटॉपवर करायचं ठरलंच, तर आधी ईएसपीवर किती जागा मोकळी आहे ते बघा, विंडोजच्या बिटलॉकर एनक्रिप्शनची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, आणि उबंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह त्या मशीनवर बूट होतो का हे आदल्या दिवशीच तपासून ठेवा.